बिबट शिरणार नाही असं खुराडं

मी कोंबड्यांसाठी बिबट शिरणार नाही असं खुराडं बांधलं. त्यात वारा आणि उजेडही शिरत नव्हता, एवढं माझ्या ध्यानात आलं नाही. मग कोंबड्यांनी अंडी देणं का बंद केलं, हे विचारत मी भर उन्हाळ्यात गावभर फिरलो.

कोंबड्या बायकोच्या. त्यांचा माझा संबंध उभ्या आयुष्यात ताटापुरता. मी वनखात्यात बाबू होतो. बदली झाली की सामानाच्या ट्रकवर सगळ्यात वर तिचं बांबूचं डालं असायचं आणि त्याच्या भोकांतून माना बाहेर काढून कोंबड्या नवा मुलूख पाहत जायच्या. आलापल्लीचं क्वार्टर असो की निवृत्तीनंतर सिंदेवाहीजवळचं आमचं गाव, कोंबड्यांचा कारभार तिच्याकडेच. सकाळी तिनं डालं उचललं की त्या उकिरड्यावर, चिंचेखाली, शेजाऱ्यांच्या वाडीत पांगायच्या. ऊन चढलं की एकेक कोंबडी येऊन भाताच्या तणसाच्या टोपलीत बसायची, अंडं द्यायची, साऱ्या मोहल्ल्याला ओरडून सांगायची आणि पुन्हा बाहेर. यात माणसाला करण्यासारखं काही असतं असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यामुळे चुकण्यासारखंही काही असेल, ही शंका यायचं कारण नव्हतं.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता बायको न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपूरला ऑपरेशन झालं, आत सळई बसली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून रोज थोडं थोडं चालवा आणि अंडी-दूध पोटात जाऊ द्या, बाकी हाड आपलं आपण जुळेल. वॉकर घरी आला आणि त्यावर टॉवेल वाळत पडायला लागला. बायको चालेना. जेवेनाही. दोन घास खाऊन ताट सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. जिच्या बोलण्याला कंटाळून मी एकेकाळी रविवारीसुद्धा ऑफिसात जाऊन बसायचो, ती दिवसच्या दिवस बोलेनाशी झाली.

मी तिचं सगळं करत होतो. म्हणजे मला तसं वाटत होतं. कूस बदलून देणं, अंग पुसणं, भांडं नेणं, भात करपवणं, पाठीला पावडर लावणं, परत भात करपवणं. सेवेत मन पवित्र होतं म्हणतात. माझी कंबर तेवढी गेली. दुपारी खाटेच्या कडेला बसल्या बसल्या माझी मान पडायची, आणि ती डोळे न उघडता म्हणायची, "झोपा ना जी सरळ. नाई तं तुमचंबी हाड जाईन."

ती फक्त एक गोष्ट मागायची. आपल्या कोंबडीचं अंडं. ते दिलं की सावकाश का होईना, सगळं खायची. दुकानातल्या अंड्याला मात्र हात लावायची नाही. "वास येते त्याले," म्हणायची. डोळे उघडले की पहिला प्रश्न ठरलेला, "दिलं का जी?" मी म्हणायचो, "दिलं." आणि एवढ्यावर आमचा दिवस सुरू व्हायचा.

मग बिबट आला.

मोहफुलांचे दिवस होते. या दिवसांत माणसं पहाटे फुलं वेचायला जंगलात जातात आणि जंगलातली मंडळी पाण्यासाठी गावाकडे येतात. शेजारच्या वहिनींची शेळी बांधल्या जागेवरून गेली. नळाखालच्या चिखलात पंजा उमटला होता. तो पाहायला सगळं गाव जमलं आणि पाहता पाहता पुसूनही टाकला. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या कोंबड्या तं त्याले चण्याफुटाण्यासारख्या, भाऊ."

आता इथं माझ्या नोकरीचा विषय येतो. दर उन्हाळ्यात मी एक सूचना टाइप करत आलो होतो. ग्रामस्थांनी आपल्या शेळ्या व कोंबड्या भक्कम व बंदिस्त जागेत ठेवाव्यात. यातले 'भक्कम' आणि 'बंदिस्त' हे शब्द माझे स्वतःचे. एका साहेबांनी ते वाचून मान डोलावली होती, म्हणून मी ते निवृत्तीपर्यंत बदलले नाहीत. ती सूचना कोणी पाळताना मी पाहिलं नव्हतं. म्हटलं, निदान आपण पाळू.

सिंदेवाहीच्या एका वेल्डरकडे गेलो. तो जाळीचा पिंजरा दाखवायला लागला. मी त्याला जाळीतून पंजा कसा आत येतो यावर एक व्याख्यान दिलं. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, लोखंडी अँगल, दाराला दोन कड्या. माणूस उत्साही निघाला. म्हणाला, "साहब, तेंदुआ छोडो, शेर भी बाहर बैठ के रोएगा." हे वाक्य ऐकून मला इतकं बरं वाटलं, की बऱ्याच दिवसांत कोणी माझं काही कौतुक केलं नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं.

मागच्या वाडीत, भिंतीला लागून, ते पत्र्याचं कपाट उभं राहिलं. दिवसाही बिबट दिसल्याची आवई होती, म्हणून मी कोंबड्या दिवसरात्र आतच ठेवल्या. आत तांदळाची कनकी, आत पाणी, आत तणसाची टोपली. घराबाहेर पडायचं कामच नाही. बायकोला सगळं रसभरीत वर्णन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं." मी ते शाबासकीत धरलं.

पहिले काही दिवस अंडी मिळाली. मग एक दिवसाआड. मग बंद.

"दिलं का जी?"

"आज नाही."

"उद्या देईन," ती म्हणायची आणि भिंतीकडे वळायची.

मी चौकशीला लागलो. वहिनींनी खुराड्याच्या दारातून वाकून पाहिलं. काळी कोंबडी टोपलीत फुगून बसली होती आणि हात नेला की चोच मारत होती. "ही खुडूक आहे जी. अंडे उबवाले बसली, आन् खाली अंडंच नाई. हिच्याच नाकात एक पीस खोसून द्या, उठते ताबडतोब." हा उपाय मी बायकोच्या कानावर घातला. ती डोळे मिटूनच म्हणाली, "पयले तुमच्या नाकात खोसून पाहा." उपाय मागे पडला.

जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण आणि सज्जन होते. जंताचं औषध कधी दिलं, वय काय, पिसं गळताहेत का, खायला काय देता, असं सगळं विचारत गेले. म्हणाले, नुसत्या कनकीवर कोंबडीचं भागत नाही, किडेमुंग्या हव्यात, कवचासाठी चुना हवा. जुन्या अंड्यांची टरफलं भाजून, कुटून द्या. "आणि राहायची सोय कशी आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "अगदी उत्तम. सोयीचं मुळीच पाहू नका." त्यांनी पाहिलं नाही. त्यांचा काय दोष?

मी टरफलं कुटली. जंताचं औषध पाण्यातून पाजलं. कुणीतरी सांगितलं, उदई म्हणजे वाळवी द्या, कोंबड्या उदईवर जीव टाकतात. म्हणून मडक्यात ओलं शेण आणि तणस भरून ते वारुळावर उपडं ठेवलं. दुसऱ्या सकाळी मडकं उदईनं भरलेलं. ते घरी आणून मी दाराजवळ टेकवलं आणि बायकोचं भांडं न्यायला गेलो. परत येईतो उदई सागाच्या चौकटीकडे निघाली होती. आयुष्यभर सागाची राखण करणाऱ्या खात्याचं मीठ खाल्लेला माणूस मी. खराटा घेऊन माझीच चौकट वाचवत बसलो. उरलेली उदई खुराड्यात टाकली. कोंबड्यांनी दोन चोची मारल्या आणि चोच उघडी टाकून, पंख अंगापासून फाकवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, पोट भरलं असेल.

वहिनींचे यजमान म्हणाले, "म्हाताऱ्या झाल्या त्या. पाहुने आले का कापा." मी खुराड्याकडे पाहिलं. मग खाटेकडे पाहिलं. आणि त्यांना चहा विचारायचा राहूनच गेला.

तोवर बायकोचा चेहरा उतरत चालला होता. मनगट हातात घेतलं की बांगडी कोपरापर्यंत जायची. तेव्हा मी एक अक्कल लढवली. दुकानातून पांढरी अंडी आणली आणि चहाच्या गाळात घालून ठेवली. छान गावरान रंग चढला. एक उकडून, सोलून, चार फाका करून तिच्यापुढे ठेवलं. "दिलं बघ तांबडीनं," मी म्हणालो. आवाज इतका आनंदी काढला की माझाच मला संशय आला.

तिनं एक फाक उचलली. आतला बलक पाहिला, फिकट, पिठासारखा. उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीचा बलक कसा झेंडूसारखा असतो, हे मला तेव्हा आठवलं. रंग सोलून फेकलेल्या टरफलावर राहिला होता. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी खूश झालो असतो. फाक परत ठेवली, ताट सरकवलं आणि म्हणाली, "तुमी खाऊन घ्या. सकाळपासून काई खाल्लं नाई तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलंच नाही.

मी मुद्दाम खाटेजवळ रेंगाळलो. चादर नीट केली. पाणी दिलं. खोकलो. ती छताकडे पाहत होती. "दिलं का जी" हे तीन शब्द नसले की घर किती मोठं होतं. तेवढंच एक तिला या जगाकडून हवं होतं आणि तेही तिनं सोडून दिलं होतं.

दुपारी पाणी द्यायला खुराडं उघडलं. दाराची कडी तापली होती, फडक्यानं धरावी लागली. आत एक कोंबडी आडवी पडलेली. पाय ताठ. बाकीच्या कोपऱ्यात धापा टाकत होत्या. मी तांबडीला उचललं. ती एरवी हाती लागायची नाही, आज तिनं मान माझ्या मनगटावर टाकून दिली. मला दुसरं काही सुचलं नाही. आता विचारण्यासारखं गावात कोणी उरलं नव्हतं. तिला तशीच घेऊन आत गेलो आणि बायकोच्या कुशीशी ठेवली.

"हिला काय झालं बघ ना," मी म्हणालो. "एक मेली."

बायकोनं मान वळवली. मग हळूहळू कोपरावर टेकली. कोंबडी पोटाशी ओढून घेतली. तुऱ्यावर अंगठा फिरवला. पंख उचलून पिसांत फुंकर मारली. मागची हाडं चाचपली. मी पाहत राहिलो. इतक्या दिवसांत ते हात कशालाच लागले नव्हते.

"उवा भरल्या अंगात," ती म्हणाली. "तुरा पांढराफटक. आन् अंग कसं भाजून राह्यलं हिचं. कुठी ठेवता हिले?"

"खुराड्यात. सांगितलं ना."

"दिवसा कुठी जाते?"

"तिथंच. बिबट आहे ना."

"उजेड कुठून येते?"

"दाराला फट आहे."

"आन् वारा?"

"तोही... फटीतूनच."

"आन् पत्रा?"

चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात पत्रा काय करतो, हे पाळण्यातलं पोरही सांगेल. माझ्या घराच्या पत्र्यावर मीच दरवर्षी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या आणि तणस टाकतो. माझ्या खोलीला कूलर आहे.

"मले उठवा," बायको म्हणाली.

"अगं, कसं उठवू? डॉक्टर..."

"डॉक्टर चाल म्हनते. तुमीच लेटवून ठेवलं. वहिनीले हाक मारा. तो वॉकर आना, आन् त्याच्यावरचा टावेल काढा अगोदर."

तिनं माझ्यावर लेटवून ठेवल्याचा आरोप करणं अन्यायाचं होतं, पण वाद घालायची ही वेळ नव्हती. वहिनी आल्या. आम्ही दोघांनी तिला उभं केलं. ती कण्हली, माझ्या आईबापांचा उद्धार केला, वॉकर पुढे ढकलला, थांबली. पुन्हा ढकलला. स्वयंपाकघरापर्यंत येईतो तिच्या कपाळावरून घाम गळत होता आणि माझ्याही. मागच्या दारात चौकटीला टेकून ती उभी राहिली आणि तिनं माझं काम पाहिलं.

"हे खुराडं होय का पोळीचा तवा?" ती म्हणाली. "वहिनी, उघडा वं ते. सोडा त्यायले."

वहिनींनी दार उघडलं. कोंबड्या एकदम बाहेर आल्या नाहीत. उंबऱ्याशी उभ्या राहून डोळे मिचकावत राहिल्या. मग चिंचेच्या सावलीत जाऊन धुळीत अशा लोळल्या, की एकेकीचं पोट वर आणि पाय आभाळाकडे.

त्या दिवसापासून खाटेवरून हुकूम सुटायला लागले. अर्धा पत्रा कापून तिथं जाळी बसली. तो वेल्डर पुन्हा आला आणि पहिल्याइतकाच खूश झाला. वर तणसाचा जाड थर. पाण्याचं मडकं सावलीत, आणि पाणी दुपारी एकदा बदलायचं. खड्डा करून त्यात चुलीची राख आणि वाळलेला कडूनिंबाचा पाला, म्हणजे कोंबड्या त्यात लोळून उवा आपल्या आपण काढतात. खुडूक काळीला टोपलीतून उठवून उंचावर टांगलेल्या उघड्या डाल्यात ठेवलं, खालून वारा, तणसाची काडी नाही. पोटाखाली ऊब मिळेनाशी झाली की तिच्या डोक्यातलं उबवणं उतरतं. आणि सकाळ झाली की सगळ्या बाहेर. "कोंबडीले दिवस दिसला पाहिजे जी," बायको म्हणाली. "मोठा दिवस. अंधारात तिले वाटते का हिवाळाच आहे. मंग ती काहाले अंडं देते? खाणं पुरलं, वारा पुरला, भेव नाई राह्यलं, तवा उरलंसुरलं ते अंड्यात जाते. अंगालेच पुरून नाई राह्यलं तं अंडं कुठून आनीन?"

मी हो म्हटलं. ती बोलता बोलता दमली होती. मी उशी सरळ केली.

बाहेर सोडायच्या म्हणजे राखण आली. बिबट काही निवृत्त झाला नव्हता. तेव्हा दिवसभर चिंचेखाली खुर्ची टाकून, हातात काठी आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा घेऊन मी बसायचो. वनखात्यात असताना मी जंगल कागदावरच पाहिलं. ही माझी पहिली फिरती. ऊन असं की डोळे उघडे ठेवणं हेच काम. मी झोपतो का ते पाहायला बायको वॉकर ढकलत मागच्या दारापर्यंत यायची. आधी एकदा. मग सकाळ-संध्याकाळ. मग तिथंच खुर्ची टाकून बसायला लागली.

"अजी, डोये उघडा. बिबट तुमाले नेईन तं कोंबड्यायले कोन पाहीन?"

"माझ्यात काय आहे त्यानं नेण्यासारखं?"

"थेही खरंच होय. चावताबी नाई येईन त्याले."

दिवस गेले. अंडं नाही. मला वाटलं होतं, जाळी बसली की सकाळी टोपली भरलेली. तसं होत नसतं. तुरे हळूहळू गुलाबी झाले, मग लाल. काळी डाल्यातून उतरली आणि पुन्हा सगळ्यांशी भांडायला लागली. तांबडी अंड्याच्या जागेसाठी कोपरे धुंडाळत हिंडू लागली. एकदा सकाळी टोपलीत काहीतरी दिसलं, म्हणून मी घाईनं मुठीत घेतलं. ते मऊ होतं, कवच नसलेलं, नुसत्या कातडीतलं. माझ्या बोटांतून सगळं बाहेर. धोतरावर, चपलेवर. मी तसाच बायकोपुढे जाऊन उभा राहिलो. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दिलं म्हना की," ती म्हणाली. "चुना पुरून नाई राह्यला अजून. टरफलं वाढवा. आन् ते धोतर पयले भिजू घाला."

पण त्या सकाळी तिनं दोन पोळ्या खाल्ल्या. नुसत्या वरणाबरोबर.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या काहिलीत, तांबडी टोपलीतून उतरली आणि अशी ओरडायला लागली की मी डबा वाजवला. मला वाटलं, बिबट. वहिनी काठी घेऊन धावत आल्या. बिबट नव्हता. तणसात अंडं होतं, टणक, ऊबदार, एका बाजूला पीस चिकटलेलं. मी ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून आत नेलं. बायकोनं ते घेतलं, गालाला लावलं आणि परत माझ्या हातात दिलं. डोळे पुसले, पदरानं, ऊन लागल्यासारखे.

मी उकडलं. सोललं. ताटलीत ठेवलं आणि समोर वेताच्या मोढ्यावर बसलो. वहिनी दारात उभ्या. बायकोनं अंडं फोडलं. बलक झेंडूसारखा. ती सावकाश खात राहिली, बोटाला लागलेलं चाटत, मधे थांबून दम घेत, शेवटचा कणसुद्धा ताटलीतून टिपत. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. इतक्या महिन्यांचा शीण, कंबर, करपलेले भात, पत्र्याचं कपाट, सगळ्याचं काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल, असं मला वाटत होतं.

"कसं होतं?" न राहवून मी विचारलं.

तिनं ताटली वहिनींच्या हातात दिली आणि वॉकर जवळ ओढला.

"कोंबडीनं चांगलंच केलं होतं जी," ती म्हणाली. "तुमी ते उकडून उकडून रबर केलं. उद्यापासून मलेच चुलीपाशी न्या. तुमाले साधं पानी उकडता येत नाई."